लेहऱ्याचा सांधा आणि खिशातला फ्लॅक

लेहरा चालू असताना सम हलली की तबलजीचं डोकं फिरतं. तिहाई, म्हणजे तीनदा वाजून समेवर संपणारा तुकडा, नीट बांधून आणलेली असते, शेवटचा 'धा' पडायला हात निघालेला असतो आणि नेमकी तेव्हाच पेटी किंचित अडखळते. समोर बसलेल्याला ते कळतही नाही. वाजवणाऱ्याला मात्र आपणच चुकलो असं वाटतं. नवशिक्या पोरांना तर तसं वाटून घ्यायची सवयच असते.

तबल्याशी संबंध नसलेल्यांसाठी सांगते. एकल तबलावादनात पेटीवर किंवा सारंगीवर एक छोटी सुरावट अखंड वाजत राहते. तालाचं एक आवर्तन भरेल एवढीच ती असते. तीनताल असेल तर सोळा मात्रा, संपल्या की पुन्हा पहिल्यापासून. यालाच लेहरा म्हणतात. त्याच्या आधारानेच आम्ही कायदे, रेले, तुकडे अशा रचना वाजवतो आणि समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येतो. मैफलीत पेटीवाला शेजारी असतो. रोजच्या रियाजाला कुणाच्या घरी पेटीवाला बसलाय?

मी मिरजेत राहते. दिवसा सांगलीत एका पतसंस्थेत हिशेब बघते आणि संध्याकाळी घराच्या पुढच्या खोलीत मुलांना तबला शिकवते. लेहऱ्याची इलेक्ट्रॉनिक यंत्रं मिळतात, मोबाईलवर ॲप मिळतात आणि त्यातली काही खरंच चांगली आहेत. पण त्यांतली ती घासूनपुसून गुळगुळीत केलेली पेटी मला तासभरसुद्धा सोसत नाही. आमच्याकडे साथीला येणारे काका वाजवतात तेव्हा भात्याचा श्वास ऐकू येतो, गंधारावर जाताना मध्ये एक कण लागतो. मला तोच लेहरा हवा होता. खिशात मावणारा, न थकणारा, मध्येच फोन न येणारा. लॉसलेसच्या, म्हणजे आवाजातलं काहीही न टाकता फाइल लहान करण्याच्या, नादाला मी लागले ती एवढ्यासाठी. हाय-फायचं वेड वगैरे मला नाही. माझे हेडफोन बघाल तर हसाल.

काकांना मी कानात मेट्रोनोम लावून वाजवायला सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ताई, एवढी वर्षं वाजवतोय, आता मला घड्याळ लावणार होय?" मग चहा झाला, मग ते बसले. चंद्रकौंस घेतला, किरवाणी घेतला. एकेका लयीत तीन-तीन आवर्तनं सलग वाजवून घेतली.

तीन कशाला? कारण कापायचं ते मधलं. पहिल्या आवर्तनाच्या समेमागे काहीच वाजलेलं नसतं, त्यामुळे ती कोरडी येते. मधल्या आवर्तनाच्या समेवर मात्र आधीच्या शेवटच्या सुराची घुमारी अजून खोलीत असते. ते मधलं आवर्तन स्वतःलाच जोडलं की शेपटाला डोकं नीट लागतं. कापतानाही कुठेही कात्री चालवून भागत नाही. आवाजाची लहर जिथे शून्याच्या रेषेवरून जाते तिथेच कापायचं, नाहीतर प्रत्येक समेवर 'टक्' असा बारीक आवाज येतो आणि तो एकदा ऐकला की मग तेवढाच ऐकू येतो. ऑडॅसिटी या आवाज कापायच्या-जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये निवड करून 'झेड' दाबलं की ती आपोआप जवळच्या शून्यावर सरकते. दोन-चार सॅम्पल, म्हणजे आवाजाची क्षणोक्षणी घेतलेली मोजमापं, इकडेतिकडे होतात, त्याने काही बिघडत नाही.

आता खरी गंमत. ६० च्या लयीत, म्हणजे मिनिटाला ६० मात्रा, तीनतालाचं आवर्तन १६ सेकंदांचं. सीडीच्या दर्जाला सेकंदाला ४४,१०० सॅम्पल लागतात, म्हणजे आवर्तनाची ७,०५,६०० सॅम्पल झाली. एमपीथ्री हा आवाज १,१५२ सॅम्पलच्या चौकटींमध्ये भरतो. भागाकार करून बघा. ६१२ चौकटी पूर्ण भरतात आणि अर्धी उरते. अर्धी चौकट हा प्रकार एमपीथ्रीत नाही. उरलेली जागा शांततेने भरून काढली जाते. त्यात एन्कोडर (फाइल बांधणारा) आणि डिकोडर (ती सोडणारा) यांच्या कामाच्या पद्धतीमुळे सुरुवातीलाही हजारेक सॅम्पलचा उशीर पडतो. सगळं धरून एका फेऱ्यामागे तीस-चाळीस मिलिसेकंद वाढतात.

चाळीस मिलिसेकंद म्हणजे किती? २४० ची लय धरा. मात्रा पाव सेकंदाची. तिच्यात रेल्याची चार अक्षरं बसवलीत तर एका अक्षराच्या वाट्याला जेमतेम ६२ मिलिसेकंद येतात. म्हणजे दर समेला अर्ध्याहून जास्त अक्षर उशीर. हे माझ्या हाताला कळत होतं, आकडे नंतर कळले.

एमपीथ्रीवर अगदीच अन्याय नको. लेम नावाचा जो एन्कोडर जगभर वापरतात, तो आपण पुढेमागे किती भर घातली याची नोंद फाइलच्या सुरुवातीला ठेवतो. ती नोंद वाचणारा प्लेअर तेवढा भाग कापून वाजवतो आणि सांधा बुजतो. पण वाचणारा असेल तर! आयपॉडला अखंड वादनाची सोय यायला २००६ साल उजाडलं आणि बाजारात आजही असे स्वस्त प्लेअर आहेत ज्यांना या नोंदीचा पत्ता नाही.

फ्लॅक या लॉसलेस प्रकारात ही भानगडच नाही. एकूण किती सॅम्पल आहेत तो आकडा फाइलच्या माथ्यावर लिहिलेला असतो, शेवटची चौकट लागेल तेवढी आखूड चालते आणि मूळ आवाजाचा एमडी५ ठसाही सोबत असतो, त्यामुळे फाइल कुठे सडली तर तपासता येतं. दिलं तेवढंच परत मिळतं. हिशेबाच्या माणसाला याहून काय हवं?

लॉसलेस म्हणजे काही जादू असते असं बऱ्याच जणांना वाटतं. युक्ती साधी आहे. आधीच्या काही सॅम्पलवरून पुढचं काय येईल याचा अंदाज बांधायचा आणि अंदाज किती चुकला तेवढंच लिहून ठेवायचं. पेटीचा टिकलेला सूर फार सरळमार्गी असतो, त्याचा अंदाज छान बसतो, म्हणून त्याची फाइल लहान होते. तानपुऱ्यावर निवांत चाललेली आलापी अशीच स्वस्तात पडते. उलट हल्लीचं ठासून भरलेलं फिल्मी गाणं फ्लॅकमध्ये हजार केबीपीएसच्या (सेकंदाला हजार किलोबिटच्या) आसपास जाऊन बसतं, कारण त्यात जागा म्हणून सोडलेलीच नसते. सर्वात महाग पडते खरखर. आमच्या सरांच्या शिकवणीच्या जुन्या कॅसेट मी संगणकावर घेतल्या तेव्हा हे लक्षात आलं. सर बोलत नाहीत, तबलाही थांबलाय, नुसती टेप फिरतेय, तरी फाइल फुगतच चाललीय. खरखरीचा अंदाज कुणालाच बांधता येत नाही आणि फ्लॅक बिचारा तिचा कण न् कण जपून ठेवतो. दोन्ही बाजूंना अगदी तोच आवाज असलेलं मोनो ध्वनिमुद्रण मात्र जवळपास अर्ध्या जागेत येतं, कारण दोन बाजूंमधला फरक तो वेगळा लिहितो आणि इथे फरक शून्य.

आणखी एक मजा. फ्लॅक असला तरी सगळे प्लेअर 'हेच गाणं पुन्हा' नीट वाजवत नाहीत. काही फाइल बंद करून पुन्हा उघडतात आणि त्यात जो वेळ जातो तो एमपीथ्रीच्या खड्ड्यापेक्षाही मोठा असतो. म्हणून मी मुलांना देताना १६ सेकंदांचं आवर्तन ७५ वेळा चिकटवून वीस मिनिटांची फाइल करून देते. मला वाटलं होतं, एकच तुकडा ७५ वेळा आहे म्हटल्यावर फ्लॅक हुशारी दाखवेल आणि फाइल इवलीशी होईल. छे! त्याची एक चौकट साधारण ४,०९६ सॅम्पलची, म्हणजे ९३ मिलिसेकंदांची. प्रत्येक चौकट स्वतंत्र, मागच्या चौकटीत काय झालं ते या चौकटीला ठाऊक नसतं. काकांनी तोच लेहरा आत्ताच वाजवला होता हे त्याच्या गावीही नसतं. मोनोमध्ये वीस मिनिटांची वेव्ह, म्हणजे अजिबात न दाबलेली, फाइल १०६ एमबीची होते, फ्लॅकमध्ये त्याच्या निम्म्याहून कमी. चालतंय की.

इथे कोणी म्हणेल, वीस मिनिटांची एकच फाइल केलीस तर सांधा वीस मिनिटांतून एकदाच येणार, मग एमपीथ्रीनेही भागेल. भागेल. नुसता लेहरा लावून वाजवायचा असेल तर खुशाल एमपीथ्री घ्या. माझं अडतं ते दुसऱ्या कामासाठी.

जुन्या उस्तादांचा एखादा रेला उचलायचा असतो. त्या वेगात बोल कोणते ते कानाला सुटे लागत नाहीत. 'तिरकिट' आहे की 'किटतक', हेच कळत नाही. मग वेग निम्मा करायचा, पट्टी तीच ठेवायची. पूर्वी स्पूल टेपवर वेग कमी केला की तबला ढोलासारखा वाजायचा, आता सॉफ्टवेअर पट्टी सांभाळतं. माझ्या प्लेअरवर ही सोय आहे आणि एमपीथ्री तिथे उघडं पडतं.

चाटेवरचा, म्हणजे तबल्याच्या कडेवरचा, 'ना' घ्या. एकदम टणकन उठतो, काहीच नाही आणि लगेच सगळं. एमपीथ्री आवाजाचे तुकडे पाडून त्यातले कमी ऐकू येणारे बारकावे टाकून देतो आणि त्यात जी थोडी घाण तयार होते ती त्या पूर्ण तुकड्यात पसरते. मोठा तुकडा २६ मिलिसेकंदांपर्यंतचा. घाव तुकड्याच्या मध्यावर असेल तर घाण घावाच्या आधीही ऐकू येते. नेहमीच्या वेगात कान ती झाकून घेतो. चांगला एन्कोडर असा घाव ओळखून तेवढ्यापुरते छोटे तुकडेही करतो. पण १२८ केबीपीएसची फाइल घ्या, त्यात पेटीही वाजत असू द्या आणि वेग निम्मा करा. प्रत्येक 'ना'च्या आधी 'श्' असा हलका उसासा ऐकू येतो. वेग निम्मा झाल्याने तोही दुप्पट लांबलेला असतो. 'तिरकिट'मध्ये चार अक्षरांच्या मागेपुढे असे चार उसासे आले की अक्षरं एकमेकांत मिसळतात आणि जे सुटं करायला वेग कमी केला होता तेच पुन्हा गढूळ होतं. फ्लॅकमध्ये निम्म्या वेगाला शाई (मधला काळा गोल) आणि चाट यांच्यातला फरकही लागतो, बोट कुठे पडलं ते कळतं. क्लासमधल्या मोठ्या मुलांना मी हे शेजारी शेजारी ऐकवते तेव्हा कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि नेहमीच्या वेगात? फूबार२००० या संगणकावरच्या प्लेअरमध्ये डोळे बांधून तुलना करायची सोय आहे. कुठली फाइल कोणती ते लपवलेलं असतं, आपण ओळखायचं. ३२० चं एमपीथ्री आणि फ्लॅक यांतला फरक आमच्यात कुणालाच धड ओळखता आला नाही, मलाही नाही. १२८ ला तबल्याच्या तुकड्यांवर काहींनी बरोबर पकडलं, गाण्यावर नाही. त्यामुळे सांगली-पुणे एसटीत खिडकी खडखडत असताना 'मला फ्लॅकच लागतं' असं म्हणणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं आणि थोडी शंकाही येते. लॉसलेस कानासाठी घ्यावं असं मी म्हणणार नाही. ज्याला फाइल कापायची, जोडायची, ताणायची आहे त्याने मूळ जपावं. दर वेळी एमपीथ्री उघडून, कापून पुन्हा एमपीथ्री केलं की दर वेळी थोडं हरवतं.

प्लेअरचं सांगायचं तर हा सगळा प्रश्न कधीच सुटायला हवा होता. जॉश कोलसनने फ्लॅकची १.० आवृत्ती २००१ च्या जुलैमध्ये बाहेर काढली, फुकट आणि खुली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिला आयपॉड आला, ५ जीबीचा, खिशात हजार गाणी म्हणून. दोघांची कधी गाठच पडली नाही. टच सोडला तर आयपॉडने स्वतःहून फ्लॅक शेवटपर्यंत वाजवलं नाही. २००४ मध्ये ॲपलने आपलं वेगळं लॉसलेस काढलं, अलॅक. काम तेच, दार वेगळं. ते २०११ मध्ये खुलं केलं, तोवर लोकांचे संग्रह फ्लॅकमध्ये भरून झाले होते. आयफोनला फ्लॅक कळायला २०१७ उजाडलं. अँड्रॉइडने ते २०११ मध्येच घेतलं होतं. सोनीच्या वॉकमनमध्ये २०१३ मध्ये आलं. आणि हे सगळे थोर लोक विचार करत असताना २००३ मध्येच रिओ कर्मा नावाच्या छोट्या चौकोनी प्लेअरमध्ये फ्लॅकही होतं आणि अखंड वादनही. चांगली वस्तू चालतेच असं नाही.

तेव्हाच्या कंपन्यांच्या बाजूनेही थोडं बोलायला हवं. सुरुवातीच्या कित्येक प्लेअरमध्ये एमपीथ्री उलगडायची वेगळी चिप असायची, तिला दुसरं काही येतच नव्हतं. फ्लॅक उलगडायला मुळात फार कष्ट नाहीत, पूर्णांकांची बेरीज-गुणाकार एवढंच काम, आणि कितीही घट्ट बांधलेली फाइल असली तरी सोडायला जवळपास तेवढाच वेळ. मंकीज ऑडिओ नावाचं दुसरं लॉसलेस आहे, ते फाइल थोडी आणखी लहान करतं, पण सोडायलाही बांधण्याइतकेच कष्ट घेतं. खिशातल्या यंत्राची बॅटरी त्यात जाते. फ्लॅकच्या बाबतीत अडचण गणिताची नव्हती, डिस्कची होती. आयपॉडमध्ये डिस्क फिरायची, पुढची गाणी मेमरीत ओतायची आणि झोपायची. आयपॉड क्लासिकमधली ६४ एमबीची मेमरी पूर्ण वापरली तरी १२८ च्या एमपीथ्रीचा तासभर तिच्यात मावतो. लॉसलेसची दहा-बारा मिनिटं. म्हणजे डिस्कला दर दहा मिनिटांनी उठवायचं. बॅटरी लवकर उतरायची ती यामुळे.

माझा प्लेअर तोच, आयपॉड क्लासिक. ॲपलने तो २०१४ मध्ये बंद केला. न्यू जर्सीहून भाचा आला होता, कपाट आवरताना सापडलेला सोबत घेऊन. "आत्या, हे आता कोणी वापरत नाही. तुला हवंय का?" मी त्याला प्रश्न पूर्ण करू दिला नसेल. आतली डिस्क काढून एका जोडपट्टीवर मेमरी कार्ड बसवून घेतलं. फिरायला काही उरलंच नाही, त्यामुळे दहा मिनिटांनी जागं होणंही गेलं. वर रॉकबॉक्स नावाचं प्लेअरचं सॉफ्टवेअर टाकलं. ही २००१ मध्ये स्वीडनच्या काही मंडळींनी सुरू केलेली खटपट. आर्कोस नावाच्या प्लेअरचं सॉफ्टवेअर त्यांना पटेना म्हणून त्यांनी स्वतःचं लिहिलं आणि मग ते इतर प्लेअरवर पसरत गेलं. फ्लॅक वाजतं, सांधा कळत नाही, वेग निम्मा होतो. गाणी भरायला आयट्यून्सची मनधरणी नाही, कॉपी करा आणि टाका. नवरा याला 'तुझा ट्रान्झिस्टर' म्हणतो.

त्रास एकच, देवनागरी. फ्लॅकमधल्या नोंदींचं मला फार कौतुक आहे. राग, ताल, मात्रा, लय, साथ, घराणं, हव्या त्या नावाचे रकाने आपण स्वतः पाडू शकतो आणि त्यात मजकूर देवनागरीत लिहू शकतो. संगणकावर सगळं सुरेख दिसतं. प्लेअरच्या पडद्यावर मात्र वेलांट्या भलतीकडे जातात, जोडाक्षरं फुटतात. 'किरवाणी'ची पहिली वेलांटी 'क'च्या आधी न येता नंतर जाऊन बसते आणि 'चंद्रकौंस'चा 'द्र' विस्कटून दोन अक्षरं होतात. क्लासमधल्या एका मुलाने आणलेल्या स्वस्त प्लेअरवर तर नुसते चौकोन. म्हणून मी फाइलींना आकड्यांची नावं दिली. १६-०६० म्हणजे सोळा मात्रा, ६० ची लय. १०-०८० म्हणजे झपताल, ८० ची. पोरं आता एकमेकांना 'सोळा-एकशेवीस लाव रे' असं म्हणतात.

फसवाफसवीबद्दल थोडं. बाजारात मेमरी कार्ड भरून देणारे असतात, तुम्हालाही माहीत असतील. त्यांच्यातल्या एकाने मला 'ओरिजनल फ्लॅक, मॅडम' म्हणून नाट्यपदांचा गठ्ठा दिला. संगणकावर आवाजाचा आलेख काढला तर १६ किलोहर्ट्झला रेघ मारल्यासारखं सगळं तुटलेलं. कुठल्या तरी १२८ च्या एमपीथ्रीला फ्लॅकचा झगा घातला होता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! जुन्या टेपवरचा आवाज वरच्या बाजूला हळूहळू विरत जातो, कात्रीने कापल्यासारखा थांबत नाही. तसा थांबलेला दिसला की शंका घ्यावी. हीच गत मोबाईलवर केलेल्या मैफलींची. आमच्याकडे मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं-बजावणं होतं. शेकडो मोबाईल वर असतात आणि प्रत्येकजण आवाज चिरडूनच साठवतो. नंतर तो फ्लॅकमध्ये बदलून काय हाती लागणार? घ्यायचंच तर आधीपासून वेव्हमध्ये घ्या, फोनमध्ये तसा पर्याय नसेल तर छोटा रेकॉर्डर न्या.

ब्लूटूथचं थोडक्यात सांगते. फ्लॅक लावलं आणि ब्लूटूथ हेडफोन घातले तर वाटेत आवाज पुन्हा चिरडला जातो. आवाज चिरडायची नेहमीची पद्धत एसबीसी, ती साडेतीनशे केबीपीएसच्या आत, सोनीची एलडॅक फार तर ९९० पर्यंत आणि सीडीला हवेत १,४११. ॲप्टएक्स लॉसलेस नावाचा प्रकार आलाय, पण त्याला दोन्ही टोकांची यंत्रं तशी लागतात. ॲपलने २०२१ मध्ये ॲपल म्युझिकवर लॉसलेस आणलं, जास्तीचे पैसे न घेता, तेव्हा त्यांचे स्वतःचे एअरपॉड ते लॉसलेस ऐकवू शकत नव्हते. वायर लावा, विषय संपला. फोनमधून वायरीचं भोकच गेलंय म्हणून तर वेगळा प्लेअर ठेवायचा.

आणि २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ वगैरे डब्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं असतं त्याला भुलू नका. फाइल सीडीच्या साडेसहा पट होते. १६ बिटांत ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो, माझ्या खोलीत पंखाच चालू असतो. ध्वनिमुद्रण करताना मात्र मी २४ बिट ठेवते, कारण तबलजी केव्हा जोरात 'धा' मारेल सांगता येत नाही, आणि पातळी खाली ठेवून घेतलेला आवाज नंतर वर उचलता येतो. ऐकायची प्रत १६ चीच.

ज्यांना नवा प्लेअर घ्यायचाय त्यांनी दुकानात जाताना स्वतःचं कार्ड न्यावं, त्यावर १६ सेकंदांची एक फाइल. 'हेच गाणं पुन्हा' लावायचं आणि टाळी धरून बसायचं, चार-पाच आवर्तनं. दुकानदार बघत राहील, बघू द्या. सांधा कानाला लागला तर प्लेअर परत काउंटरवर. मग बघायचं की बटणं खरी आहेत का, म्हणजे डग्ग्यावरचा हात उचलून न बघता थांबवता येईल अशी. तिसरं, ३२ जीबीच्या वरचं कार्ड वाचतो का. मोठी कार्डं एक्सफॅट पद्धतीची येतात आणि जुन्या प्लेअरना फक्त फॅट३२ कळतं. अशा वेळी कार्ड संगणकावर पुन्हा फॉरमॅट करून घेतलं तर बऱ्याचदा चालून जातं.

काकांच्या लेहऱ्याच्या फाइली कुणाला हव्या असतील तर मागा, त्यांची हरकत नाही. ४० पासून २४० पर्यंतच्या तीनतालाच्या आहेत, झपतालाच्या काही आहेत. रूपकाच्या अजून झाल्या नाहीत. सात मात्रांत मधलं आवर्तन कापायला बसले तर काकांना स्वतःचाच सूर पटेना. दिवाळीनंतर पुन्हा बसू म्हणालेत, मेट्रोनोमशिवाय.